मॅटप्लॉटलिब आणि मराठी आलेख : अकरा तालुक्यांपैकी पाच नापास

आमच्या भागातील एका लहानशा वाचनालयाच्या फलकावर मी गेली दोन वर्षे दर सोमवारी उजनी धरणाच्या पाणीसाठ्याचा आलेख लावतो. सोलापुरात या एका आकड्याला जेवढा वाचक आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाला असेल, कारण नळाला पाणी किती दिवसांआड येणार, औज बंधाऱ्यासाठी भीमेत पाणी कधी सुटणार आणि ऊस ठेवायचा की मोडायचा, या सगळ्यांची उत्तरे लोक त्याच आकड्यात शोधतात. हा आलेख मी पायथॉन भाषेतील मॅटप्लॉटलिब या मोफत सॉफ्टवेअरवर काढतो, आणि प्रस्तुत परीक्षण त्या सॉफ्टवेअरच्या एकाच अंगापुरते आहे : आलेखावरील अक्षरे, त्यांचा आकार आणि त्यांचा फॉन्ट. रेषा, स्तंभ, रंग यांबाबत माझी काहीही तक्रार नाही. अक्षरांबाबत मात्र बरेच सांगण्यासारखे आहे, त्यातील निम्मे कौतुकाचे आहे आणि उरलेले मराठी वाचकाला आधीच ठाऊक असायला हवे असे आहे.

मॅटप्लॉटलिब जॉन हंटर या मज्जाशास्त्राच्या अभ्यासकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-संकेत पाहण्याच्या गरजेतून लिहायला घेतले आणि २००३ साली ते प्रथम प्रसिद्ध झाले. हंटर २०१२ साली निवर्तले, पण त्यांचे काम स्वयंसेवकांनी पुढे चालू ठेवले आहे. मी वापरतो ती आवृत्ती ३.१० आहे आणि पुढील सर्व विधाने त्या आवृत्तीपुरती समजावीत. कोडमधील नावे संगणकावर रोमन लिपीतच टंकावी लागतात, येथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

आधी आकाराविषयी. पहिला आलेख मी मोठ्या हौसेने ए-३ कागदावर छापून फलकावर लावला, तेव्हा एका ज्येष्ठ वाचकांनी जवळ जाऊन, चष्मा कपाळावर चढवून तो पाहिला आणि मला विचारले, "सर, आलेख छान आहे, पण याच्यासोबत भिंग पण टांगणार आहात का?" चूक सॉफ्टवेअरची नव्हती. मॅटप्लॉटलिब अक्षरांचा आकार पॉइंटमध्ये मोजते आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग, हे माप ते अगदी प्रामाणिकपणे पाळते. मुळात दिलेला आकार १० पॉइंटचा असतो आणि मुळात दिलेली आकृती ६.४ इंच रुंद व ४.८ इंच उंच असते. या दोन्ही गोष्टी एकमेकींना शोभतात. पण मी आकृती ए-३ च्या मापाची, म्हणजे १६.५४ बाय ११.६९ इंचांची केली आणि अक्षरे १० पॉइंटचीच राहू दिली. हातात धरलेल्या वर्तमानपत्रातील अक्षराएवढी ती अक्षरे भिंतीवर सहा फुटांवरून मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती.

दुसऱ्या आठवड्यात मी उलटी चूक केली. आकृती मूळच्या लहान मापाची ठेवली आणि छापताना ती ताणून ए-३ वर बसवली. ४.८ इंचांची उंची ११.६९ इंच झाली म्हणजे सगळे काही सुमारे २.४ पटींनी वाढले, त्यामुळे १० पॉइंटचे अक्षर २४ पॉइंटचे झाले आणि वाचकांनी समाधान व्यक्त केले, परंतु रेषाही त्याच प्रमाणात जाड झाल्या आणि आलेख लहान मुलाने खडूने काढल्यासारखा दिसू लागला. या दोन चुकांमधून जे शिकलो ते एवढेच की आधी कागदाचे खरे माप इंचांत ठरवावे, आकृती त्याच मापाची काढावी, छापताना ती तिळभरही लहानमोठी करू नये आणि मग अक्षरांचा आकार वाचकाच्या अंतरावरून ठरवावा. हातभर अंतरावरून, म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटरवरून, १० पॉइंटचे अक्षर सुखाने वाचता येत असेल, तर दोन मीटरवरून तेवढेच सुख मिळण्यासाठी ते पाचपट, म्हणजे ५० पॉइंटचे हवे. एवढी जागा प्रत्येक अक्षराला देता येत नाही, म्हणून मी शीर्षकाला ४८, अक्षांच्या नावांना ३० आणि अक्षावरील आकड्यांना २६ पॉइंट देतो. जे शीर्षकाने ओढले जातात ते दोन पावले पुढे येतात आणि आकडे वाचतात.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण माझ्याकडे आलेख शिकायला येणारे विद्यार्थी त्यात हमखास अडकतात. अक्षरे लहान दिसली की ते डीपीआय, म्हणजे दर इंचातील बिंदूंची संख्या, वाढवतात. मुळातील १०० डीपीआयला आकृती ६४० बाय ४८० बिंदूंची होते आणि ३०० डीपीआयला १९२० बाय १४४० बिंदूंची, पण अक्षरही त्याच प्रमाणात १४ बिंदूंवरून ४२ बिंदूंवर जाते. कागदावर दोन्हींचा आकार एकच राहतो, फक्त दुसऱ्या आलेखाच्या कडा अधिक स्वच्छ असतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र चित्र मोठे झालेले दिसते आणि आपण काहीतरी सुधारले असे वाटत राहते.

आकार बदलण्याची मॅटप्लॉटलिबची रचना मला मनापासून आवडली आहे. सर्व मूळ मूल्ये आरसीपॅराम्स नावाच्या एका कोशात असतात. त्यातील 'फॉन्ट.साइज' हा एकच आकडा बदलला की बाकीची अक्षरे त्याच्या प्रमाणात आपोआप बदलतात, कारण शीर्षकाचा आकार 'लार्ज', म्हणजे मूळ आकाराच्या १.२ पट, आणि अक्षांवरील आकडे 'मीडियम', म्हणजे मूळ आकाराएवढेच, असे सापेक्ष शब्दांत लिहिलेले असते. 'एक्स-लार्ज' म्हणजे १.४४ पट, 'स्मॉल' म्हणजे ०.८३३ पट. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या १.२ पट, हे सूत्र एकदा लक्षात आले की कागदावर हिशेब करायची गरज उरत नाही. मूळ आकार २६ केला की शीर्षक ३१.२ होते. मला ते आणि अक्षांची नावे अधिक मोठी हवी असल्याने तेवढी दोन मूल्ये मी स्वतंत्रपणे देतो. लेजंडचा, म्हणजे कोणता रंग कशाचा हे सांगणाऱ्या चौकटीचा, आकार, लेजंडच्या शीर्षकाचा आकार, प्रत्येकासाठी कोशात वेगळी कळ, म्हणजे वेगळे नाव, आहे आणि ती नेमके जे म्हणते तेच करते.

दोन गोष्टींचा मात्र त्रास होतो. आरसीपॅराम्समधील बदल त्यानंतर काढलेल्या आलेखालाच लागू होतो, आधी काढून ठेवलेल्या अक्षांना तो स्पर्शही करत नाही, आणि त्याबद्दल कोणतीही सूचना मिळत नाही. दुसरा त्रास सीबॉर्नचा आहे. मॅटप्लॉटलिबवर बांधलेल्या या साधनात 'पेपर', 'नोटबुक', 'टॉक' आणि 'पोस्टर' असे चार तयार संदर्भ आहेत. नोटबुकला १ धरले तर पेपर ०.८, टॉक १.५ आणि पोस्टर २ पट, शिवाय 'फॉन्ट-स्केल' देऊन केवळ अक्षरे वाढवता येतात. घाईच्या वेळी हे फार सोयीचे आहे. परंतु सीबॉर्नचे 'सेट-थीम' हे वाक्य तुमच्या ओळींनंतर आले तर ते तुम्ही निवडलेला फॉन्ट आणि आकार दोन्ही पुसून स्वतःचे बसवते. मराठी फॉन्ट निवडलेला असूनही अचानक आलेखावर अक्षरांऐवजी चौकोन दिसू लागले, तर आधी ओळींचा क्रम पाहावा.

तिसरी एक गोष्ट मी दोष म्हणणार नाही, पण सावध राहावे. फाइल जतन करताना कडेची मोकळी जागा कापण्यासाठी 'टाइट' हा पर्याय बहुतेक जण सवयीने लिहितात. त्यामुळे फाइलचे माप तुम्ही ठरवलेल्या इंचांपेक्षा वेगळे होते, मग ती कागदावर ताणून बसवली जाते आणि पॉइंटचा सगळा हिशेब वाया जातो. त्याऐवजी आकृती तयार करतानाच 'कन्स्ट्रेन्ड' मांडणी मागितली तर माप कायम राहते आणि मोठी अक्षरे कागदाबाहेरही जात नाहीत.

आता मराठीविषयी.

मॅटप्लॉटलिबसोबत डेजाव्हू सान्स हा फॉन्ट येतो. २०१७ सालच्या २.० आवृत्तीपासून तोच मूळ फॉन्ट आहे. त्यात रोमन, ग्रीक, सिरिलिक आणि अरबी अक्षरे आहेत, देवनागरी नाही. त्यामुळे मराठी शीर्षक दिले की ओळीने रिकामे चौकोन उमटतात आणि अमुक क्रमांकाचे अक्षर फॉन्टमध्ये नाही अशी सूचना मिळते. ही अडचण सुटण्यासारखी आहे. मुंबईच्या एक टाइप या गटाने तयार केलेला मुक्त हा फॉन्ट मी वापरतो. तो मोफत आहे, त्यात अगदी बारीकपासून ठळकपर्यंत सात जाड्या आहेत आणि रोमन अक्षरेही त्याच घडणीची आहेत. फॉन्टची फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवून 'ॲडफॉन्ट' या आज्ञेने तिचा पत्ता दिला की काम होते. फाइल संगणकाच्या फॉन्ट-फोल्डरमध्ये टाकून वाट पाहत बसणाऱ्यांना मात्र नवा फॉन्ट सापडत नाही, कारण मॅटप्लॉटलिब फॉन्टची यादी एकदा तयार करून साठवून ठेवते आणि ती जुनी यादीच वाचत राहते. नोटो सान्स देवनागरीही उत्तम आहे, पण तो ज्या एकाच फाइलमध्ये सर्व जाड्या सामावलेल्या असतात अशा रूपात घेतला तर मॅटप्लॉटलिबला त्यातील जाडी बदलता येत नाही. प्रत्येक जाडीची सुटी फाइल घ्यावी.

फॉन्टच्या नावाऐवजी नावांची यादी देण्याची सोय २०२२ सालच्या ३.६ आवृत्तीपासून नीट चालते. पहिल्या फॉन्टमध्ये एखादे अक्षर नसेल तर तेवढे अक्षर दुसऱ्यातून घेतले जाते. आमच्या आलेखाला तिचा उपयोग अगदी अनपेक्षित ठिकाणी झाला. उजनीची टक्केवारी धरणातील एकूण पाण्यावर काढत नाहीत. सुमारे ११७ टीएमसी एकूण साठ्यापैकी ६३.६६ टीएमसी मृत साठा आहे आणि त्यावरील ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा आहे. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते, त्यामुळे पातळी मृत साठ्याच्या खाली गेली की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० च्याही खाली गेला होता. उणे ५० टक्के म्हणजे धरण कोरडे नव्हे, त्यात अजून सुमारे ३७ टीएमसी पाणी असते, हे मला फलकाजवळ उभे राहून पुष्कळदा सांगावे लागले आहे. तर या उणे चिन्हाचा प्रश्न असा की मॅटप्लॉटलिब अक्षावर साधा हायफन न वापरता गणिती उणे चिन्ह वापरते, आणि ते चिन्ह प्रत्येक देवनागरी फॉन्टमध्ये असतेच असे नाही. जुन्या संगणकावर मी दुसरा एक फॉन्ट वापरत होतो तेव्हा उणे २० च्या जागी 'चौकोन २०' छापले गेले, आणि उन्हाळ्याच्या ऐन भरात आमच्या फलकावर उजनी अधिक २० टक्के दिसू लागली. यादीत मुक्तनंतर डेजाव्हू सान्स लिहिला की हा प्रश्न सुटतो. नाहीतर 'युनिकोड-मायनस' ही कळ बंद करून साधा हायफन घ्यावा.

इथपर्यंत सगळे जमले होते. 'उजनी धरणाचा पाणीसाठा' हे शीर्षक ४८ पॉइंटच्या मुक्तमध्ये इतके देखणे उमटले की मी बाकीच्या अक्षरांकडे न पाहता आलेख छापायला पाठवला. उभ्या अक्षावर 'टक्के' असे लिहिले होते. छापून आले ते क, त्याचा पाय मोडलेला, आणि त्याशेजारी सुटा 'के'. आडव्या अक्षावर 'दिनांक' होते, त्यात पहिली वेलांटी द च्या आधी न येता द च्या नंतर, न च्या डोक्यावर पडली होती.

याचे कारण समजून घेतल्याशिवाय या सॉफ्टवेअरवर मराठी काम करू नये असे माझे मत आहे. युनिकोडमध्ये 'टक्के' हा शब्द ट, क, हलन्त, क आणि एक मात्रा असा साठवलेला असतो. हलन्ताने जोडलेले दोन क मिळून कोणते जोडाक्षर काढायचे, पहिली वेलांटी उच्चारात नंतर असली तरी लिहिताना आधी काढायची, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हे नियम फॉन्टच्या आत लिहिलेले असतात, पण ते वाचून अक्षरांची जुळणी करणारा वेगळा कार्यक्रम लागतो. ब्राउझरमध्ये तो असतो, वर्ड प्रोसेसरमध्ये असतो. मॅटप्लॉटलिबच्या या आवृत्तीत तो नाही. ती फॉन्टमधून एकेक अक्षर उचलते आणि जसे साठवले आहे त्याच क्रमाने शेजारी शेजारी ठेवते. म्हणून जोडाक्षर, पहिली वेलांटी आणि रफार नसलेला शब्द बिनचूक दिसतो, आणि त्यामुळेच आपली फसगत होते. 'सोलापूर' बिनचूक येते. 'उजनी' बिनचूक येते. चाचणीसाठी माणूस आपल्या गावाचे नाव लिहून पाहतो, ते बरोबर आले की निश्चिंत होतो.

म्हणून मी आता चाचणीसाठी जिल्ह्यातील अकरा तालुक्यांची नावे वापरतो. मोहोळ, माढा, करमाळा, पंढरपूर, सांगोला आणि मंगळवेढा ही सहा नावे उत्तीर्ण होतात, अनुस्वार एखाद्या केसाने इकडेतिकडे सरकलेला असतो तेवढे सोडून द्यावे. उत्तर सोलापूर 'त्त' वर अडते. दक्षिण सोलापूरमध्ये जोडाक्षर आणि पहिली वेलांटी एकाच जागी असल्याने त्याची पार दुर्दशा होते. अक्कलकोटचा क लंगडतो, बार्शीचा रफार खाली उतरून पाय मोडका र बनतो, माळशिरसची वेलांटी र च्या डोक्यावर जाऊन बसते. अकरापैकी पाच नापास. महिन्यांची अवस्था याहून वाईट आहे. बारांपैकी जानेवारी, मे, जून आणि जुलै एवढेच चार महिने शुद्ध उमटतात.

काही दिवस मी शब्द बदलून वेळ मारून नेली. 'दिनांक' ऐवजी 'तारीख', 'टक्के' ऐवजी चिन्ह, महिन्यांच्या जागी १ ते १२ आकडे. देवनागरी आकड्यांना जुळणीची गरज नसते, त्यामुळे रोमन आकड्यांचे देवनागरी करणारी एक ओळ लिहून अक्षावरील आकडे कसे लिहायचे ते ठरवणाऱ्या 'फंक-फॉरमॅटर'ला दिली की ते निर्दोष येतात. पण 'उपयुक्त साठा' याला जोडाक्षर नसलेला पर्याय सापडेना आणि 'जिवंत साठा' म्हणावे तर त्यात पहिली वेलांटी. सॉफ्टवेअरला झेपतील तेच शब्द वापरायचे, म्हणजे बूट बसत नाही म्हणून पाय तासण्यातला प्रकार होता.

आमच्या वाचनालयात तेलुगू, कन्नड आणि उर्दू वाचणारी मंडळीही येतात, म्हणून त्या लिप्याही मी तपासल्या. तेलुगू आणि कन्नडची जोडाक्षरे देवनागरीसारखीच विसकटतात. उर्दूचे मात्र आश्चर्य वाटले. उजवीकडून डावीकडे जाणारी, शब्दात प्रत्येक अक्षराचे रूप बदलणारी ही लिपी सर्वांत अवघड ठरेल अशी माझी अपेक्षा होती, परंतु नस्ख वळणातील उर्दू पायथॉनमधील दोन छोट्या साधनांच्या मदतीने मॅटप्लॉटलिबवर व्यवस्थित उमटते. कारण अरबी अक्षरांच्या आरंभीच्या, मधल्या आणि शेवटच्या रूपांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक दिलेले आहेत. आधीच योग्य रूप निवडून, क्रम उलटवून ते मॅटप्लॉटलिबच्या हाती दिले की झाले. देवनागरीच्या 'क्क' ला किंवा 'त्त' ला असा स्वतंत्र क्रमांकच नाही, ती रूपे फक्त फॉन्टच्या पोटात असतात. त्यामुळे मराठीसाठी ही पळवाट बंद आहे, आणि कोणी तशी सांगितली तर तिच्यावर वेळ घालवू नये.

उपाय निघतो तो दुसऱ्या बाजूने. आलेख चित्र म्हणून जतन न करता एसव्हीजी स्वरूपात जतन करावा आणि त्याआधी 'एसव्हीजी.फॉन्टटाइप' या कळीला 'नन' हे मूल्य द्यावे. तसे केले नाही तर मॅटप्लॉटलिब अक्षरांच्या विसकटलेल्या आकृत्याच फाइलमध्ये काढून ठेवते. केले तर ती अक्षरे मजकूर म्हणून लिहिते, आणि ती जुळवण्याचे काम फाइल उघडणाऱ्या कार्यक्रमावर सोपवते. ब्राउझरमध्ये ती फाइल उघडली तेव्हा अकराही तालुके आणि बाराही महिने जागच्या जागी होते. आकार, जाडी, स्थान यांत काडीचाही फरक नव्हता, कारण तो हिशेब मॅटप्लॉटलिबनेच केलेला होता. मोडलेली अक्षरे धरून ती रुंदी मोजते, त्यामुळे जुळलेल्या शब्दाभोवती थोडी अधिक जागा सुटते, एवढेच.

यातही एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो. ती एसव्हीजी मी शहरातील एका फ्लेक्स छपाईच्या दुकानात दिली. त्यांच्या संगणकावर मुक्त फॉन्ट नव्हता, त्यांच्या सॉफ्टवेअरने विनातक्रार दुसरा फॉन्ट घेतला, आणि माझे ४८ पॉइंटचे शीर्षक कागदाच्या कडेबाहेर पळाले. दुकानदारांची यात चूक म्हणता येत नाही, छापायला देण्याआधी मजकुराच्या आकृत्या करून देणे माझेच काम होते. आता मी फाइल इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, मजकूर निवडून 'ऑब्जेक्ट टू पाथ' करतो आणि पीडीएफ देतो. आठवड्याला दोन मिनिटे जास्त लागतात. ज्यांच्याकडे लाटेक्स ही ग्रंथजुळणीची प्रणाली आहे त्यांना 'पीजीएफ' हा मार्गही खुला आहे. त्यात मजकूर झीलाटेक्सकडून जुळवून घेतला जातो आणि मराठी शुद्ध येते, पण एवढे मोठे साहित्य केवळ एका आलेखासाठी संगणकावर चढवणे मला पटले नाही.

प्रतिस्पर्ध्यांशी तुलना केल्याशिवाय हे परीक्षण न्याय्य होणार नाही. आर या संगणकभाषेतील जीजीप्लॉट२ या आलेखाच्या साधनाचा मूळ आकार ११ पॉइंट आहे आणि 'बेस-साइज' बदलला की शीर्षक १.२ पट, अक्षावरील आकडे ०.८ पट अशी सारी मांडणी हलते. हे तत्त्व मॅटप्लॉटलिबच्या सापेक्ष शब्दांसारखेच आहे. आलेखाच्या आत लिहिलेल्या मजकुराचा आकार मात्र तिथे पॉइंटमध्ये नव्हे, मिलिमीटरमध्ये द्यावा लागतो, २६ पॉइंट हवे असतील तर २.८४५ ने भागून ९.१४ लिहावे लागते, आणि हे न कळल्याने माझ्या पहिल्या प्रयत्नात 'मृत साठा' या दोन शब्दांनी अर्धा आलेख व्यापला होता. अलीकडच्या आवृत्तीत एकक निवडण्याची सोय झाली आहे. पण मराठीच्या बाबतीत आर निर्विवाद पुढे आहे. 'रॅग' हे साधन बसवले की अक्षरजुळणी आपोआप होते, ए-३ चे ४९६१ बाय ३५०८ बिंदूंचे चित्र थेट छपाईला देता येते, आणि दक्षिण सोलापूर पहिल्याच फटक्यात शुद्ध येते.

प्लॉटली ब्राउझरमध्ये आलेख काढते, त्यामुळे तिथे जुळणीचा प्रश्नच उद्भवत नाही. आकार पॉइंटऐवजी पिक्सेलमध्ये असतो, मूळ १२ आणि शीर्षकाला १७. ब्राउझरच्या हिशेबाने २६ पॉइंटसाठी जवळजवळ ३५ पिक्सेल द्यावे लागतात. पडद्यावर दाखवायच्या आलेखासाठी मी तिची शिफारस करीन. आणखी एक बारकावा मराठी वाचकांना आवडेल. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये ल आणि श यांचे मूळ वळण हिंदीचे असते आणि मराठी वळण राखीव ठेवलेले असते. पानाची भाषा मराठी असल्याचे लिहिले की नोटोसारख्या फॉन्टमधून ब्राउझर ते मराठी वळण उचलतो, आणि 'सोलापूर' मधला ल आपल्याला शाळेत शिकवल्यासारखा दिसतो. मॅटप्लॉटलिबमध्ये ही निवड करता येत नाही. तिथे मराठी वळण हवेच असेल तर ते मूळ वळण म्हणून देणारा तिरो देवनागरी मराठीसारखा फॉन्ट घ्यावा लागतो, जो देखणा असला तरी त्याच्या रेघा बारीक असल्याने भिंतीवर दुरून फिका दिसतो.

मग मी आरकडे का गेलो नाही, असे कोणी विचारेल. पाणीसाठ्याचे आकडे गोळा करणारे माझे सारे कोड पायथॉनमध्ये आहे, हे अर्धे कारण. उरलेले अर्धे असे की आकाराच्या बाबतीत मॅटप्लॉटलिबइतका काटेकोर हिशेब मला दुसरीकडे तेवढ्या सहज करता आला नाही. इंच आणि पॉइंट दिले की कागदावर पट्टी लावून मोजावे, तेवढेच मिळते. इंग्रजीत आलेख काढणाऱ्याने निःशंकपणे ते वापरावे. मराठीत काढणाऱ्याने एसव्हीजीचा वळसा मान्य असेल तरच वापरावे, आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधात, जिथे शेवटच्या रात्री पीएनजी काढून चिकटवण्याची रीत आहे, तिथे ते मुळीच वापरू नये. मोडक्या पायांची जोडाक्षरे असलेले प्रबंध बांधून कपाटात गेलेले मी पाहिले आहेत.

मांडणीविषयी दोन शब्द राहिले. ए-३ च्या रुंदीत सुमारे ११९१ पॉइंट बसतात. त्यात अकरा तालुके आडव्या अक्षावर लिहायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला १०८ पॉइंट येतात आणि २६ पॉइंटमधील 'उत्तर सोलापूर' त्यात मावत नाही. अशा वेळी बहुतेक जण नावे तिरकी किंवा उभी करतात. रोमन अक्षरे उभी केली तरी डोळा कसाबसा वाचतो, पण देवनागरी उभी केली की शिरोरेघ खांबासारखी उभी राहते आणि सगळी अक्षरे तिला वटवाघळांसारखी लटकलेली दिसतात. मी स्तंभ आडवे करतो, म्हणजे नावांना डावीकडे हवी तेवढी जागा मिळते. उभ्या अक्षाचे नावही मॅटप्लॉटलिब मुळात उभे करून लिहिते, ते मी सरळ करून अक्षाच्या वर ठेवतो. दोन ओळींचे शीर्षक असेल तर ओळींतील अंतर मूळच्या १.२ वरून १.५ करतो, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत शिरतात. लेजंड मी काढूनच टाकला आहे. 'यंदा' आणि 'गेल्या वर्षी' हे शब्द त्या त्या रेषेच्या टोकाशी, रेषेच्याच रंगात, ३० पॉइंटमध्ये लिहिले की खालच्या चौकटीतील रंगांशी ताळा करत बसण्याची गरज उरत नाही, आणि भिंगाचा विषय काढणारे ते ज्येष्ठ वाचक आता खुर्चीवरून न उठता आकडा सांगतात.